जुने मराठी मासिक-अंक: माळ्यावरून उतरवण्यापासून कपाटात लावेपर्यंतच्या कामांचा क्रम

गोव्यातील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर 'सत्यकथा', 'किर्लोस्कर', 'स्त्री' किंवा 'दीपावली'चे अंक सापडले की घरातले लोक उत्साहाने तीन गोष्टी करतात. अंक अंगणात उन्हाला घालतात, कपाटात डांबरगोळ्या टाकून त्यांची चळत लावतात आणि थोडे पैसे जमले की सगळे अंक बांधणीला देतात. या तिन्ही गोष्टी चांगल्या हेतूने होतात, परंतु चाळीस-पन्नास वर्षे माळ्यावर तग धरून राहिलेला अंक बहुधा या तीन गोष्टींमुळेच पुढच्या पाच वर्षांत हातातून जातो. हे टाळण्यासाठी कामांचा जो क्रम पाळावा लागतो, तो येथे टप्प्याटप्प्याने दिला आहे. आपल्याकडील पाऊस आणि दमट हवा डोळ्यांपुढे ठेवून तो बसवलेला असल्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात यातील काही गोष्टी ढिलाईने केल्या तरी चालून जातील. गोव्यात चालणार नाहीत.

१. काय जमवायचे ते आधी कागदावर लिहावे

मिळेल ते सारे गोळा करण्याने संग्रह होत नाही, गठ्ठे होतात. एखादे नियतकालिक, एखादे दशक, एखादा चित्रकार किंवा एखादा लेखक अशी सीमा आखून घ्यावी. गोव्यात राहणाऱ्याला काही सीमा सहज सुचतील: लक्ष्मणराव सरदेसाई यांच्या कथा ज्या मराठी मासिकांत आल्या ते अंक, बा. भ. बोरकरांच्या कविता प्रथम जेथे छापल्या गेल्या ते अंक, अथवा गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे. सीमा ठरल्यावर त्या नियतकालिकाच्या ज्ञात अंकांची यादी करावी आणि हाताशी नसलेल्या अंकांपुढची जागा मोकळी ठेवावी. 'सत्यकथा' १९३३ पासून १९८२ पर्यंत निघत होते, म्हणजे पूर्ण संच जमवायचा म्हटला तर पाच दशकांच्या अंकांसाठी जागा लागेल. हा हिशेब पहिल्याच दिवशी केलेला बरा.

२. कामाचा काळ ठरवावा: डिसेंबर ते मे

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. कागदावर बुरशी धरण्यास साधारण ६५ टक्क्यांच्या पुढची आर्द्रता पुरते. त्यामुळे नवे अंक घरी आणणे, वाळवणे, झाडणे आणि तपासणे ही सारी कामे डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत उरकावीत. पावसाळा हा राखणीचा काळ आहे. त्या दिवसांत गठ्ठे सोडू नयेत.

पावसाळ्यातच एखादे घर मोडायला निघाले आणि अंक वाचवण्यासाठी लगेच उचलावे लागले, तर ते जरूर उचलावेत. मात्र ते आपल्या संग्रहाच्या खोलीत न नेता दुसऱ्या खोलीत उघड्या खोक्यांत, पंख्याखाली ठेवावेत.

३. साहित्याची जुळवाजुळव

गठ्ठा हाती येण्यापूर्वी पुढील वस्तू घरात असाव्यात: आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र, रंगकामाचा रुंद आणि मऊ ब्रश, एन-९५ मुखपट्टी, कोरा न्यूजप्रिंट कागद, टिपकागद, केक भाजण्यासाठी वापरतात तो बटर पेपर, २बी पेन्सिल, बोथट पातळ सुरी, कच्चा सुती दोरा, घट्ट झाकणाची पुठ्ठ्याची खोकी आणि धुतलेले मांजरपाट. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. या यादीतील सर्वांत उपयोगी वस्तू तीच आहे, कारण 'खोली कोरडी वाटते' या अंदाजावर विसंबूनच बहुतेक संग्रह बुरसटले आहेत.

मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन घ्यावे, असे मी मुद्दाम सांगतो. नव्या कापडाला खळ असते आणि झुरळे व कसर यांना खळ आवडते. न धुतलेल्या कापडात अंक गुंडाळणे म्हणजे त्यांना निमंत्रण देणे होय.

> सावधान: सेलोटेप, फेविकॉल, डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला आणि लॅमिनेशनचे प्लास्टिक या पाच गोष्टी कामाच्या टेबलावर आणूच नयेत. कडुनिंबाच्या पाल्याचे नाव येथे पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. पाला ओला असेल तर ओल सोडतो, वाळला की चुरा होतो आणि कागदावर तपकिरी डाग उमटवतो. डांबरगोळ्यांचा वास माणसाच्या प्रकृतीला घातक आहे आणि त्याने वाळवी मुळीच हटत नाही.

४. घरातून अंक उचलताना

पहिला प्रश्न परवानगीचा आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे गोव्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगे आणि मुली दोघांनाही वाटा असतो व पती-पत्नींचा हक्कही सामाईक असतो. घरात राहणारा एक भाऊ 'घेऊन जा' म्हणाला, म्हणून मुंबईतील बहिणीची संमती गृहीत धरता येत नाही. देणाऱ्याकडून अंकांची ढोबळ संख्या, तारीख आणि 'घरातील सर्वांच्या संमतीने दिले' एवढा मजकूर असलेली सहीची चिठ्ठी घ्यावी. रक्कम दिली असल्यास तिचाही उल्लेख असावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे किलोवर विकत घेतलेल्या अंकांना चिठ्ठी मिळणार नाही, पण कोठून व केव्हा घेतले याची नोंद आपल्या वहीत त्याच दिवशी करावी.

दुसरी गोष्ट क्रमाची. गठ्ठा सोडण्याआधी तो जसा आहे तसा मोबाइलवर टिपावा: वरून, बाजूने आणि कण्यांच्या बाजूने. ज्या क्रमाने कोणीतरी हे अंक रचले, त्या क्रमात बरीच माहिती असते. मधल्या दोन वर्षांचे अंक नसणे, एखाद्या अंकात घातलेले वर्गणीचे पत्र, पत्ता लिहिलेले टपालाचे वेष्टन या गोष्टी गठ्ठा विस्कटला की कायमच्या हरवतात. १९६१ च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात आलेल्या अंकांचे वेष्टन कधीही टाकू नये. त्यावरचा शिक्का आणि तिकीट पाहून तो अंक कोणत्या वाटेने सीमेच्या अलीकडे आला हे कळते.

गठ्ठे बहुधा सुंभाने करकचून बांधलेले असतात. गाठ ओढून सोडू नये. सुंभ कात्रीने कापावा, कारण तो कडांत रुतलेला असतो आणि ओढताना वरच्या चार-पाच अंकांची पाने फाडूनच निघतो.

गठ्ठ्यात मराठीबरोबर 'ओ एराल्दो'सारखे पोर्तुगीज वृत्तपत्र किंवा रोमी लिपीतील कोकणी नियतकालिक निघाले, तर 'आपल्या विषयाचे नाही' म्हणून ते भंगारात घालू नये. पर्वरीला गोमंतक मराठी अकादमीप्रमाणेच कोकणी आणि इतिहासाच्या अभ्यासाच्या संस्थाही आहेत. तेथे विचारणा करून योग्य हातात द्यावे.

५. विलगीकरण: पहिले तीन आठवडे

नवा गठ्ठा कधीही थेट जुन्या संग्रहाशेजारी ठेवू नये. बहुतेक जण हीच चूक करतात आणि हिचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर अंक सुटे मांडावेत आणि दर दोन दिवसांनी कागदाकडे पाहावे. कागद पांढरा असण्याचे कारण हेच की त्यावर पडलेले चटकन दिसते.

- बारीक पिठासारखा भुगा आणि पानांतून आरपार गेलेली गोल छिद्रे दिसली, तर आत भुंग्याच्या अळ्या आहेत.
- पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा, कडा कातरलेल्या आणि चंदेरी रंगाचा झपकन पळणारा किडा दिसला, तर ती कसर आहे.
- मातीच्या नळ्या किंवा चिखलाचे पापुद्रे दिसले, तर वाळवी आहे. अशा वेळी अंकांपेक्षा घराची चिंता आधी करावी.
- मिरीपूडसारखी काळी विष्ठा आणि उग्र वास असेल, तर झुरळे आहेत.

भुंग्याच्या अळ्या आणि कसर यांच्यावर औषध फवारू नये. फवारा शाई फोडतो आणि कागदावर डाग पाडतो. कोरडे अंक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत, हवा काढून तोंड पक्के बंद करावे आणि उणे १८ अंश सेल्सिअस तापमान राखणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावेत. साध्या फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात हे तापमान बहुधा गाठले जात नाही. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण चोवीस तास न उघडता खोलीत राहू द्यावी. पिशवी लगेच उघडली तर गार कागदावर हवेतील पाणी सुटते आणि आपण किडीऐवजी बुरशीला जागा करून देतो.

> तपासणी: पुढील टप्प्याला हात घालण्यापूर्वी पांढरा कागद सलग दहा दिवस स्वच्छ राहिला आहे का, हे पाहावे. राहिला नसेल तर तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावेत.

६. वाळवणे: सावलीत, वाऱ्यावर, चळत न करता

अंकात ओल आहे की नाही, हे बोटांच्या टोकांना नीट कळत नाही. हाताची पालथी बाजू पानाच्या मध्यावर ठेवावी. कोरडा कागद खोलीइतकाच वाटतो, ओलसर कागद गार लागतो. अंकाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी हे करावे, कारण कडा वाळलेल्या आणि पोट ओले, ही अवस्था गोव्यात नेहमीची आहे.

उन्हात अंक घालू नयेत. आपल्याकडे मे महिन्यात पापड, सोले, गाद्या, पुस्तके साऱ्यांना ऊन दाखवण्याची रीत आहे, पण मासिकांचा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा आणि स्वस्त असतो. कडक उन्हाने तो पिवळा पडतो, कडकडीत होतो आणि घडीवर तुटतो. रंगीत मुखपृष्ठातला तांबडा आणि पिवळा रंग आधी उडतो. सावलीच्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून, पंखा मंद चालवून अंक अर्धवट उघडे उभे करावेत. पातळ अंक उभा राहत नसेल तर आडवा ठेवून दर वीस-पंचवीस पानांमागे टिपकागद घालावा आणि तो दिवसातून दोनदा बदलावा. टिपकागदाऐवजी कालचे वर्तमानपत्र घालू नये. त्याची शाई ओल्या कागदावर उलटी उमटते.

दिवाळी अंकांसाठी येथे वेगळी काळजी घ्यावी लागते. रंगीत चित्रे आणि काही मुखपृष्ठे गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात. या कागदावर पांढऱ्या मातीचा आणि चिकट द्रव्याचा थर असतो. तो भिजला की मऊ होतो आणि समोरच्या पानाला टेकलेल्या अवस्थेत वाळला की त्या पानाशी एकजीव होतो. माझ्याकडे १९५० च्या दशकातील एक दिवाळी अंक असाच आला होता. कौलातून झिरपलेल्या पाण्याने त्याचा खालचा कोपरा तळहाताएवढा भिजला होता. मी तो दोन जाड पुस्तकांखाली दाबून ठेवला, कारण पाने वाकडी होऊ नयेत एवढेच माझ्या मनात होते. चौथ्या दिवशी उघडायला गेलो तेव्हा आतल्या दोन समोरासमोरच्या चित्रांपैकी एकातील नऊवारी नेसलेल्या स्त्रीचा चेहरा दुसऱ्या चित्रातील आभाळावर चिकटून निघाला होता. ते पान मी अजून तसेच ठेवले आहे. ते जोडता येत नाही.

म्हणून ओला आर्ट पेपर असलेला अंक हाती येताच, तो ओला असतानाच, गुळगुळीत पानांमध्ये बटर पेपर सरकवावा आणि मगच वाळवावा. एवढा वेळ नसेल तर अंक पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवावा; गोठलेला अंक थांबून राहतो आणि सवडीने एकेक बाहेर काढता येतो. चिकटून वाळलेली पाने सापडली तर ओढू नयेत, किटलीची वाफ देऊ नये आणि सुरी घालू नये. 'पाने चिकटलेली' अशी चिठ्ठी लावून अंक तसाच जपावा आणि कागदसंवर्धनाचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला दाखवावा.

७. झाडणे आणि पिना

बुरशी ओली आणि बुळबुळीत असेपर्यंत तिला हात लावू नये, कारण ओल्या कपड्याने पुसल्यास ती कागदात अधिक खोल जाते. पूर्ण वाळून तिची भुकटी झाली की मुखपट्टी लावून, अंगणात वाऱ्याकडे पाठ करून, मऊ ब्रशने कण्याकडून कडेकडे झाडावे. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. धूळ झाडतानाही हीच दिशा ठेवावी. खोडरबर फक्त कोऱ्या समासात आणि हलक्या हाताने वापरावा. छापील रंगावर तो फिरवू नये.

गोव्यातील जवळजवळ प्रत्येक जुन्या अंकाच्या मधल्या पानावर गंजाच्या दोन तांबूस रेघा असतात. पिना नुसत्या काळवंडल्या असतील तर त्यांना छेडू नये. गंजाचे पापुद्रे सुटत असतील आणि भोवतीचा कागद ठिसूळ झाला असेल, तरच त्या काढाव्यात. अंक मध्यावर उघडून पालथ्या पुठ्ठ्यावर ठेवावा, पिनेचे वाकलेले पाय बोथट सुरीने एकेक करून सरळ करावेत, अंक उलटवून पाठीकडून पीन वर उचलावी. पिना काढण्याचे चिमटे वापरू नयेत. ते कागदाचा तुकडा घेऊनच येतात. नंतर त्याच जुन्या छिद्रांतून सुती दोरा ओवून मध्यात सैल गाठ मारावी. नवी छिद्रे पाडू नयेत आणि नवी पीनही मारू नये, कारण दुसऱ्या पावसाळ्यात ती गंजते.

८. पानतपासणी

अंक पूर्ण आहे असे मुखपृष्ठ आणि शेवटचे पान पाहून म्हणता येत नाही. प्रत्येक पान मोजावे लागते, आणि ते पुढील क्रमाने:

१. मुखपृष्ठाच्या दोन्ही बाजू आणि मलपृष्ठाच्या दोन्ही बाजू.
२. जाहिरातींची पाने. अनेक मासिकांत ती मजकुराच्या पृष्ठांकनाबाहेर असतात, त्यांना वेगळे आकडे किंवा अक्षरे असतात, कधी काहीच नसते.
३. अनुक्रमणिका. तिच्यातील प्रत्येक नोंदीचे पान प्रत्यक्ष उघडून पाहावे.
४. रंगीत चित्रे. यांना बहुधा पृष्ठांक नसतो, म्हणून ती कापली गेली तरी आकडे सलग राहतात. अनुक्रमणिकेत चित्रांची यादी असेल तर तिच्याशी ताडून पाहावे. नसेल तर कण्यालगत बोट फिरवावे. कापलेल्या पानाची अर्ध्या सेंटीमीटरची पट्टी बोटाला लागते.
५. शब्दकोडी, कूपने आणि वर्गणीचे अर्ज. भरून पाठवण्यासाठी कापलेल्या चौकोनामागच्या बाजूला कथेचा मजकूर गेलेला असतो.

एक बारकावा येथे सांगायला हवा. काही मासिकांचे पृष्ठांकन वर्षभर सलग चालते, म्हणजे जानेवारीचा अंक पृष्ठ १ ला सुरू होतो आणि फेब्रुवारीचा ८१ ला. हे ठाऊक नसलेल्या एका मित्राने पहिली ऐंशी पाने गहाळ आहेत असे समजून चांगला अंक भंगारात दिला होता.

अपुऱ्या अंकातील गहाळ मजकूर शोधण्यासाठी पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाताना आपल्या गहाळ पानांची नेमकी यादी घेऊन जावे. वर्ष, अंक आणि पृष्ठ सांगता आले तरच तेथील कर्मचाऱ्यांना मदत करता येते. 'जुने किर्लोस्कर आहेत का' या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळत नाही.

> सावधान: दोन अपुऱ्या प्रतींतून एक पूर्ण प्रत 'बनवू' नये. दोन्ही वेगवेगळ्या ठेवाव्यात. एकाची पाने दुसऱ्यात घातली की कोणते पान कोठून आले हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

९. नोंद: शके, वर्ष, अंक

पानतपासणी झाल्यावर त्याच बैठकीत नोंद करावी. मलपृष्ठाच्या आतील बाजूस खालच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलने फक्त क्रमांक लिहावा. रबरी शिक्का मारू नये आणि बॉलपेन वापरू नये. वहीत किंवा संगणकावरील तक्त्यात पुढील रकाने असावेत: क्रमांक, नियतकालिकाचे त्या अंकावर छापलेले नाव, वर्ष, अंक, छापील महिना, इसवी महिना व सन, पृष्ठसंख्या, गहाळ भाग, अवस्था, कोठून मिळाला, कोणत्या खोक्यात आहे.

छापलेले नाव लिहिण्यावर भर देण्याचे कारण असे की नावे बदलतात. १९२० मध्ये सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' झाले. दोन्हींना 'किर्लोस्कर' म्हणून नोंदवले की नावबदल नेमका कोणत्या अंकापासून झाला हे आपल्याच नोंदवहीतून पुसले जाते.

बहुतेकांची चूक शकाच्या हिशेबात होते. जुन्या अंकांवर अनेकदा केवळ मराठी महिना आणि शके असते. सरसकट ७८ मिळवून मोकळे होणे चुकीचे आहे. चैत्र ते कार्तिक या महिन्यांसाठी ७८ मिळवावेत, माघ आणि फाल्गुन यांच्यासाठी ७९. पौष महिना बहुधा आणि मार्गशीर्ष कधीकधी दोन इसवी सनांत विभागलेला असतो, म्हणून त्यांची तिथी जुन्या पंचांगात पाहावी. उदाहरणार्थ, कार्तिक शके १८५२ म्हणजे १९३० चा उत्तरार्ध, परंतु माघ शके १८५२ म्हणजे १९३१ चा आरंभ. अधिक मास असलेल्या वर्षी मराठी महिन्यांनी चालणाऱ्या मासिकाचे अंक बारा की तेरा, हेही तपासावे. दिवाळीच्या सुमारास दोन महिन्यांचा जोडअंक निघत असे. त्यामुळे यादीत रिकामी दिसणारी जागा खरोखर रिकामी असतेच असे नाही.

१०. दुरुस्ती कमीत कमी, बांधणी मुळीच नको

फाटलेले पान निखळून पडणार नसेल तर त्याला हात लावू नये. पडणारच असेल तर अतिपातळ जपानी टिश्यू कागदाची हाताने फाडलेली पट्टी आणि गव्हाच्या शुद्ध स्टार्चची पातळ खळ वापरून मागच्या बाजूने जोडावे. ही खळ पाणी लावून पुन्हा सोडवता येते. फेविकॉल सोडवता येत नाही. खळ इतकी कमी लावावी की पट्टीच्या कडेबाहेर ओलावा दिसू नये, आणि वाळेपर्यंत वर-खाली बटर पेपर ठेवून हलके वजन द्यावे.

बारा अंकांचा एक बांधीव खंड कपाटात देखणा दिसतो, हे खरे आहे. मीही एकदा एका वर्षाचे अंक बांधायला दिले होते. परत आलेल्या खंडात मुखपृष्ठे आणि जाहिराती नव्हत्या, कारण बांधणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे तो 'फालतू' भाग होता; आणि तिन्ही कडा मशीनवर समान कापल्यामुळे चित्रांच्या कोपऱ्यातील चित्रकाराच्या सह्या अर्ध्या गेल्या होत्या. साबणाची, आगपेटीची, चहाची जाहिरात, तिची भाषा, तिच्यातील किंमत हे सारे मुखपृष्ठाइतकेच त्या अंकाचे अंग आहे. अंक सुटेच ठेवावेत. आधीपासून बांधलेला खंड मिळाला तर तो मात्र उसवू नये.

११. ठेवण

गोव्यातील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात पाणी शोषतात. कपाट भिंतीपासून किमान १५ सेंटीमीटर आणि जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर दूर असावे. बाहेरच्या भिंतीला, न्हाणीघराच्या भिंतीला आणि माळ्याखालच्या कौलांच्या जोडाखाली ते कधीही ठेवू नये. लोखंडी कपाट वाळवीपासून वाचवते, पण त्यात हवा कोंडते. म्हणून कोरड्या दिवसांत त्याची दारे आठवड्यातून एकदा तासभर उघडी ठेवावीत आणि पावसाळ्यात बंद ठेवावीत.

पातळ अंक आडवे ठेवावेत, चळत २० सेंटीमीटरपेक्षा उंच नसावी. दर दहा-बारा अंक धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून खोक्यात ठेवावेत. खोके आम्लविरहित पुठ्ठ्याचे मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास साध्या खोक्याच्या आत आम्लविरहित कागदाचे अस्तर द्यावे. न्यूजप्रिंटवरचे अंक आणि आर्ट पेपर असलेले अंक वेगळे ठेवावेत. प्रत्येक अंक बंद प्लास्टिक पिशवीत घालण्याची पद्धत आपल्या हवेला मानवत नाही, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. निवडक मुखपृष्ठांसाठी दोन बाजू उघड्या असलेले पॉलिएस्टरचे पाकीट चालेल. पीव्हीसीचे चालणार नाही.

सिलिका जेल ठेवायचे असल्यास नारिंगी रंगाचे घ्यावे. निळ्या दाण्यांमधील कोबाल्टचे क्षार आरोग्यास घातक असतात. रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर एक-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. न तापवता वर्षभर पडून राहिलेली पुडी काहीच करीत नाही, आणि बहुतेक कपाटांत ती तशीच पडलेली असते.

> तपासणी, मेअखेर: कपाटातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आहे का? खोलीच्या छतावरील कौले फिरवून झाली का? प्रत्येक खोक्यावर क्रमांक आहे का? नव्या गठ्ठ्याचे विलगीकरण पूर्ण झाले आहे का? या चारांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या पावसाआधी ते काम करावे.

१२. पावसाळ्यातील राखण

दर रविवारी आर्द्रतामापक वाचून आकडा वहीत लिहावा. आकडा सलग दोन आठवडे ६५ च्या वर राहिला, तर खोलीत ओलावा शोषणारे यंत्र चालवावे किंवा खोके त्या घरातील सर्वांत कोरड्या आतल्या खोलीत हलवावेत. दर पंधरा दिवसांनी दोन खोकी उघडून फक्त नाकाने तपासावीत. कुबट वास आला तर त्याच खोक्यातील अंक बाहेर काढून विलगीकरणाच्या खोलीत न्यावेत. बाकीची खोकी उघडू नयेत. गठ्ठ्यांना धूप दाखवू नये, त्याच्या धुराची काजळी कागदावर बसते.

१३. छायाप्रती

स्कॅनिंग शेवटी करावे, कारण आधीचे टप्पे न ओलांडलेला अंक स्कॅनरच्या काचेवर दाबला की त्याचा कणा तुटतो. अंक ९० अंशांपेक्षा थोडासाच अधिक उघडेल असा दोन उशांचा पाळणा करावा आणि वरून, दोन बाजूंनी दिवे लावून, कॅमेऱ्याने टिपावे. मजकुरासाठी ३०० आणि रंगीत चित्रांसाठी ६०० डीपीआय पुरते. फाइलच्या नावात नियतकालिक, सन, महिना आणि पृष्ठ याच क्रमाने लिहावे, म्हणजे संगणकात ती आपोआप ओळीत लागतात. मुखपृष्ठ, जाहिराती आणि कोरी पानेही सोडू नयेत.

या प्रती स्वतःच्या अभ्यासासाठी ठेवणे वेगळे आणि त्या सर्वांसाठी खुल्या करणे वेगळे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, आणि एका अंकात वीस लेखक व दोन-तीन चित्रकार असतात. त्यामुळे संपूर्ण अंक खुला करण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे निधनाचे वर्ष लिहिलेली यादी करावी आणि ज्यांचे वर्ष सापडत नाही, त्यांची पाने बाजूला ठेवावीत. ही यादी नोंदवहीतच त्या अंकाच्या क्रमांकाखाली असावी, कारण पुढच्या डिसेंबरात नवा गठ्ठा घरी आला की तीच नावे पुन्हा समोर येतात.